हवेतल्या पुस्तकाचा भाव

तेव्हा रोज सकाळी आठला रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, देवळातली आरती संपायची आणि घंटेचा आवाज विरायच्या आत समोरच्या ओट्यावरून वैरागडे काका भाव पुकारायचे.

"चारशे नव्याण्णव! आजही चारशे नव्याण्णव! जाहीर निषेध!"

हा भाव सोन्याचा नसे, कांद्याचाही नसे. तो असे एका मराठी कादंबरीच्या तिसऱ्या भागाचा, आणि तोही कागदी पुस्तकाचा नव्हे, ई-बुकचा. म्हणजे जे कपाटात ठेवता येत नाही, शेजाऱ्याला वाचायला देता येत नाही आणि वाचून झाल्यावर रद्दीतही घालता येत नाही, त्याचा. शाळेत निघालेली पोरं सायकल न थांबवता "काका, उतरा क्या?" असं विचारायची. कोपऱ्यावर टोपली मांडून बसलेली भाजीवाली "हव बाबूजी" म्हणायची. ती सगळ्यालाच हव, म्हणजे हो, म्हणते. हे बाबूजी रोज ओरडून नेमकं काय विकतात, हे तिला अजून कळलेलं नाही.

कादंबरीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. पाचशेला एक रुपया कमी असा भाव लावणाऱ्यांची फुकट जाहिरात मी का करू?

मी काकांच्या समोरच राहतो. बूढापाऱ्यात तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माझंही डोकं लवकर तापतं, हे आधीच कबूल करून टाकतो. दुकानात जो "भैया, जल्दी" म्हणतो, त्याचा कागद मी हटकून सगळ्यात शेवटी काढतो. पण माझा संताप दुपारच्या जेवणापर्यंत टिकतो. काकांचा संताप तीन महिने टिकला आणि रोज सकाळी आंघोळ करून ताजातवाना व्हायचा.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उंच, हडकुळे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. घराणं आमच्यासारखंच, पिढ्यान् पिढ्या रायपुरात मुरलेलं. एरवी ते मराठी बोलतात तेव्हा दर तिसरा शब्द हिंदी असतो. चिडले की मात्र हिंदी गळून पडते आणि पणजोबांची भाषा बाहेर येते. त्यांच्या प्रत्येक भाषणाचा शेवट "लिहून घे" या दोन शब्दांनी होतो. माझ्या दुकानात कोऱ्या कागदांचे गठ्ठे आहेत, पण मी आजवर त्यांचं एक अक्षर लिहून घेतलं नव्हतं.

"विनायक, मले एक सांग," ते दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून सुरू व्हायचे. "ई-बुकात कागद आहे?"

"नाही."

"शाई आहे?"

"नाही, काका."

"बाइंडिंग? गोदाम? पोष्टमन? आपल्या घराचा पत्ता विचारत फिरणारा तो कुरिअरवाला तरी आहे काय?"

"नाही."

"मंग हा भाव कायचा? पोत्यात भरून घरी आणून देते ते पुस्तक चारशेले, अन् हवेतून येते ते पाचशेले! हवेचे पैसे घेऊन राहिले हे लोक. लिहून घे."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचा राग यायचा. हैदराबादच्या लेकीनं त्यांना पुस्तकं वाचायचं ते यंत्र पाठवलं, तेव्हा ई-बुकं खरोखरच स्वस्त होती. त्या यंत्राला काका 'पाटी' म्हणतात. सुरुवातीला पन्नास-साठ रुपयांत चांगलं पुस्तक यायचं. या कादंबरीचा पहिला भाग पाटीवर सव्वाशेला आला, दुसरा दोनशे चाळीसला. लोकांना चटक लागली आहे, आता ते जातात कुठे, असं कोणीतरी कुठल्यातरी थंडगार खोलीत बसून ठरवलं असणार. तिसरा भाग आला तो साडेचारशेला. मलाही त्या माणसाची मान धरावीशी वाटली. पण मी काय केलं, तर कागदी पुस्तक घ्यायचं ठरवलं आणि विषय संपवला. सगळ्यांनी तेच केलं असतं.

काकांना गल्लीतला प्रत्येक माणूस हेच विचारायचा. "काका, मंग कागदी घ्या न!"

या एका प्रश्नाला काकांनी कधी उत्तर दिलं नाही. ते लाल व्हायचे, हात झाडायचे, "तत्त्वाचा प्रश्न आहे!" म्हणून गरजायचे आणि विषय घरपट्टीवर न्यायचे. त्यामुळे पाऱ्यात त्यांची चिकट म्हणून ख्याती झाली. स्वस्त पुस्तक समोर असताना महागाच्या नावानं बोंब मारणारा माणूस एक तर चिक्कू असणार, नाही तर रिकामटेकडा. मी दोन्ही धरून चाललो होतो.

त्यांच्या विक्षिप्तपणाचा आणखी एक नमुना सांगतो. पाटी घरात यायच्या आधीची गोष्ट. काका एक जाडजूड कादंबरी घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "याच्या प्रत्येक पानाची मोठी झेरॉक्स काढ. मशीनमधी जो सगळ्यात मोठा कागद जाते न, त्याच्यावर. मोठ्यात मोठी." मी बारा पानं काढली. पुस्तकाची शिवण उसवायला लागली, मशीन तापलं, कॉलेज प्रवेशाचे फॉर्म घेतलेली चार पोरं मागून "भैया, भैया" करायला लागली. माझं डोकं फिरलं. आख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढणं कायद्यात बसत नाही, हे मी सांगितलं, आणि तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. वर म्हणालो, "एवढं मोठं अक्षर लागते कोणाले, काका? घरी हत्ती पाळला काय?"

पोरं हसली. काकांनी बारा कागद नीट गोळा केले, कडा जुळवल्या आणि निघून गेले. त्या दिवशी त्यांनी जाहीर निषेधसुद्धा केला नाही. मी मनात म्हटलं, चला, पीडा टळली.

तर तिसरा भाग साडेचारशेला आला आणि काकांनी लढा पुकारला. पहिलं शस्त्र होतं एक तारा. ई-बुकांच्या ऑनलाइन दुकानात वाचकांना पाचपैकी तारे देता येतात. काकांनी आमच्या मराठी मंडळाच्या चाळीस सभासदांना फर्मान काढलं की प्रत्येकानं त्या पुस्तकाला एकच तारा द्यायचा आणि खाली लिहायचं, 'पुस्तक उत्तम. भाव निर्लज्ज.' मंडळातल्या एका आजोबांनी पाच तारे दिले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बिचाऱ्या लेखिकेनं एवढं लिहिलं, एकच तारा द्यायले बरं नाही वाटलं." एका बाईंनी एक तारा दिला खरा, पण खाली लिहिलं की नायिकेनं सासूला उलट उत्तर द्यायला नको होतं.

दुसरं शस्त्र शपथेचं. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये पोहे झाल्यावर काकांनी देवापुढचा नारळ उचलला, दोन्ही हातांत धरला आणि एकेकाला पुढे बोलावलं. प्रत्येकानं नारळावर हात ठेवून म्हणायचं, भाव उतरेपर्यंत हे ई-बुक घेणार नाही. ज्यांच्याकडे पाटी नव्हती, मोबाइलवर वाचायची सवय नव्हती, त्यांनीही शपथ घेतली. दोघांनी तर आयुष्यात कादंबरी वाचली नव्हती. त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता. मीही हात ठेवला, कारण पोहे खाऊन नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

तिसरं शस्त्र मात्र आमच्यावरच उलटलं. काकांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. रोज सकाळी आठच्या आधी चाळीसही जणांनी मोबाइलवर त्या पुस्तकाचं पान उघडायचं, भाव पाहायचा आणि ग्रुपवर हजेरी लावायची. "उतरला का?" "नाही." "उतरला का?" "नाही." आमची माणसं एरवी सभेला अर्धा तास उशिरा येतील, पण या हजेरीत एकाचाही खाडा नाही. तीन आठवडे हे चाललं आणि चौथ्या सोमवारी भाव चारशे नव्याण्णव झाला.

माझी मुलगी ऋचा मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. तिला मी हे सांगितलं तर ती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली.

"पापा, चालीस लोग रोज़ सुबह एक ही किताब खोलकर देख रहे हैं. कंप्यूटर क्या समझेगा? कि ग्राहक मरे जा रहे हैं इसके लिए. दाम तो आप ही लोग बढ़ा रहे हो!"

हे खरं की खोटं, मला ठाऊक नाही. पण मला पटलं. मी तरातरा काकांच्या ओट्यावर गेलो आणि म्हणालो, पाहणं बंद करा. काकांचा चेहरा एकदम उतरला.

"पाहणं बंद करू?" ते म्हणाले. "डोळे मिटून बसू काय?" मग सावरून त्यांनी जाहीर केलं की आजपासून हजेरी एक दिवसाआड. मी ग्रुप सोडला.

आता सुमनकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण माझा खरा राग त्यांच्यावरून होता. काकू म्हणजे काकांची बायको आणि आमच्या मंडळाच्या लायब्ररीची तीस वर्षांची ग्रंथपाल. रायपुरात आज ज्या घरांत मराठी वाचलं जातं, त्यातल्या निम्म्या घरांत ते काकूंच्या धाकानं सुरू झालेलं आहे. परत आलेल्या पुस्तकातला प्रश्न विचारायच्या. उत्तर आलं नाही तर तेच पुस्तक पुन्हा हातात द्यायच्या. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतल्या चुका त्यांनी लाल पेनानं दुरुस्त करून, आहेराच्या पाकिटात घालून परत दिल्या होत्या.

चार वर्षांपूर्वी त्यांनी लायब्ररी सोडली. गुडघे गेले म्हणाल्या. तेव्हापासून त्या घराबाहेर क्वचितच दिसत. दिसल्या तरी आपण हात केला तर ओळख देत नसत, आपण बोललो की मगच "कोण? अरे, तू होय" म्हणत. बायका म्हणायच्या, म्हातारपणी ताठा आला. मला वाटायचं, गुडघ्यांच्या दुखण्यानं माणूस तुसडा होत असेल.

या कादंबरीचं वेड पाऱ्यात काकूंनीच लावलं होतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी नायिका एकटी घरात आहे, दारावर थाप पडते, ती उठते आणि पुस्तक संपतं. दाराबाहेर कोण आहे? काकू घरी आलेल्या प्रत्येकाला विचारायच्या, "तुले काय वाटते, कोण असंल?" नवरा परत आला असेल, असं मी म्हणालो तर "तुझी झेप तेवढीच" म्हणाल्या. बहात्तर वर्षांची बाई त्या दाराशी जीव टांगून बसली होती, आणि नवरा काय करत होता? नारळ धरून लोकांना शपथा देत होता! बायकोला पुस्तक मिळू नये म्हणून चळवळ चालवणारा हा जगातला एकच नवरा असेल, असं मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागलो. बाई काही मागत नाही, म्हणून हा तत्त्व मिरवतो. मला मनापासून चीड आली.

शेवटी मी कागदी पुस्तक मागवलं. आधी स्वतः वाचलं, दोन दिवसांत. लेखिका लबाड आहे. पहिली दीडशे पानं ती मागच्याच गोष्टी सांगत बसते आणि मग कुठे त्या दाराशी येते. बाहेर कोण आहे ते कळल्यावर मी तेवढं पान पुन्हा एकदा वाचलं. मग पुस्तक रंगीत कागदात बांधलं.

रविवार होता. लढ्याला दोन महिने झाले म्हणून काकांनी हॉलमध्ये सभा ठेवली होती. ते भाषणाला उभे राहिलेले पाहिले आणि मी मागच्या दारानं सटकलो. काकूंच्या हातात पुस्तक ठेवायचं आणि काकांना चाळीस माणसांसमोर सांगायचं, घ्या, तुमच्या बायकोला मी दिलं पुस्तक. मनातल्या मनात हे वाक्य मी सात-आठ वेळा घोटून ठेवलं होतं.

काकांच्या घराचं दार उघडंच होतं. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पाटी नाकाला टेकेल इतकी जवळ धरलेली. मी दारात, भर उजेडात, त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण?"

"मी विनायक, काकू."

"अरे, ये न. हे गुडघे दुखून राहिले न, म्हणून नाही आले सभेले." हे त्या माझ्याशी बोलल्या, पण पाहत होत्या माझ्या डाव्या बाजूच्या भिंतीकडे.

मी जवळ गेलो. पाटी त्यांच्या मांडीवर होती. तिच्यावर चारच शब्द होते आणि त्या चार शब्दांनी आख्खी पाटी भरली होती. दुकानाच्या पाटीवर असतात तेवढी अक्षरं. 'तिने कडीवर हात ठेवला.'

हे वाक्य मी परवाच वाचलं होतं. तिसऱ्या भागातलं, दीडशे पानांनंतरचं.

"तू वाचलं वाटते," काकू म्हणाल्या. माझ्या गप्प बसण्यावरूनच त्यांनी ओळखलं असावं. "सांगू नको हं. दोन महिने झाले वाचून राहिले, आता कुठं कडीपाशी आले."

हातातलं पुस्तक कुठे लपवावं, मला कळेना. कागद कुरकुरला. काकूंनी हात पुढे केला आणि मी ते दिलं. त्यांनी कागद सोडला, कव्हरवर तळवा फिरवला, पानांच्या कडेवरून अंगठा नेला, वास घेतला. उघडलं मात्र नाही.

"कोरं आहे," त्या म्हणाल्या. "लायब्ररीत ठेव. तिसरं कपाट, वरून दुसरी फळी. पहिल्या दोन भागांच्या बाजूले याची जागा सोडली आहे मी."

मी पुस्तक परत घेतलं. मागे वळलो तर दारात वैरागडे काका. प्रकाशकाला लिहिलेलं, सभेत वाचून दाखवायचं पत्र घरी विसरलं म्हणून आले होते. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं, काकूंच्या मांडीवरची पाटी पाहिली आणि मला डोळ्यांनीच बाहेर बोलावलं.

आम्ही ओट्यावर बसलो.

"पाह्यलं?" काकांनी विचारलं.

"हो."

"किती शब्द होते?"

"चार."

काकांनी खिडकीकडे पाहून घेतलं. "दिवाळीत नऊ राहत होते," ते म्हणाले. "आता याच्यावर मोठं होत नाही अक्षर. शेवटचा आकडा लावला आहे. डॉक्टर म्हणते, जेवढं दिसते तेवढं वाचून घ्या."

"काका, तुमी सांगितलं काहून नाही कोणाले?"

"तिनं शपथ घातली. सारा पारा तिले भ्यायचा, विनायक. तिच्यापुढं चुकीचं बोलाले लोक घाबरायचे. आता तेच लोक 'बिचारी काकू' म्हणतीन, अन् दर दुपारी एक बाई डोळ्याचं औषध घेऊन येईन. ते तिले सहन होत नाही. म्हणून गुडघे."

"अन् तुमची शपथ? नारळावरची?"

"मी नारळ धरला होता," काका तत्काळ म्हणाले. "धरणाऱ्याले शपथ लागत नाही. लिहून घे. पहिल्याच दिवशी घेतलं मी ते पुस्तक. पूर्ण भावात."

मला हसू आलं असतं, पण काका एकदम उसळले. आवाज दाबून बोलत होते, आत ऐकू जाऊ नये म्हणून. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"तुमी सारे थांबू शकता. सहा महिने थांबा, भाव उतरते. नाही थांबायचं, तर कागदी घ्या. तुमाले दोन रस्ते आहेत. तिले एकच आहे. अन् बरोबर त्याच रस्त्यावर हे टोलनाका लावून बसले! मी म्हणतो हवेचे पैसे, लोक हसतात. हवेचे नाही रे. तिच्या उरल्यासुरल्या नजरेचे पैसे घेऊन राहिले हे. अन् हे मले ओरडून सांगता येत नाही, म्हणून मी रोज भाव ओरडतो."

मला त्या बारा झेरॉक्स आठवल्या. हत्ती आठवला. काउंटरमागे हसणारी पोरं आठवली. मी मान खाली घालून म्हणालो, "काका, त्या दिवशी मी दुकानात..."

"चांगल्या निघाल्या होत्या," काका म्हणाले. "बाराही वाचल्या तिनं. मंग पुढं काय झालं, विचारत बसली." आणि ते पत्र आणायला आत गेले.

मला स्वतःच्या जिभेची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी त्यांच्याबरोबरच सभेला परतलो. काकांनी ते पत्र असं वाचलं की हॉलचे पंखे थांबतात की काय असं वाटलं. शेवटी त्यांनी नारळ धरला, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी पुढे झालो आणि दोन्ही हात ठेवले. घोटून ठेवलेलं वाक्य पोटातच राहिलं. संध्याकाळी पुस्तक तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर ठेवलं. जागा बोटभरही कमी-जास्त नव्हती. घरी येऊन ग्रुपमध्ये परत शिरलो आणि माझा पहिला तारा दिला. 'पुस्तक उत्तम. भाव निर्लज्ज.'

भाव उतरला, पण आणखी महिन्याभरानं. दोनशे एकोणपन्नास. कोणामुळे उतरला, देव जाणे. आमच्या मंडळानं मात्र तो आपल्याच खात्यात जमा केला. काकांना हार घातला गेला, ओट्यावर जिलबी वाटली गेली. भाजीवालीनं दोन जिलब्या खाऊन "हव बाबूजी" म्हटलं. काका हात उंचावून "विजय!" ओरडत होते आणि मधून मधून मान वळवून खिडकीकडे पाहत होते. आत काकूंची कडी निघाली होती, पण पुस्तक अजून निम्मं उरलं होतं.

गेल्या आठवड्यात काका दुकानात आले. गर्दी होती, तरी एका बाजूला उभे राहिले. हातात कागदांची गुंडाळी होती.

"संपलं तिचं," ते म्हणाले. "परवा. शेवटी शेवटी दोनच शब्द दिसत होते, पण सोडलं नाही."

"काय म्हणाल्या?"

"पाटी बाजूले ठेवली. मंग म्हणे, चौथा भाग कधी येते?"

त्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर ठळक छापलेलं आहे की हा शेवटचा भाग. काकांनाही ते माहीत होतं.

"तुमी काय सांगितलं?"

त्यांनी गुंडाळी काउंटरवर सोडली. बारा-तेरा पानं, दोन्ही बाजूंनी, पाटबंधारे खात्याच्या वळणाच्या अक्षरात लिहिलेली. पहिलं वाक्य होतं, 'मग ती गाडीत बसून रायपूरला आली.'

"हे टाईप करून घे," काका म्हणाले. "अन् त्या सगळ्यात मोठ्या कागदावर काढून दे. पाटीत मावत नाही तेवढं मोठं अक्षर. एका पानावर एक शब्द आला तरी चालते."

"काका, त्यांना कळणार नाही काय, की हे तुमी लिहिलं?"

"दुसऱ्या ओळीतच कळन," काका म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत न माझ्या. काढत बसन एक एक. तीन-चार महिने चालन." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाव काय घेशील?"

मी त्यांच्यावर असा खेकसलो की रांगेतली माणसं दचकली. मग सगळ्यात मोठ्या कागदाचा गठ्ठा फोडला आणि मशीनमध्ये भरला. मागून कोणीतरी "भैया, जल्दी" म्हणालं. मी त्याला सांगितलं, आज वेळ लागेल.